राम, वीस बाय दहा

"भुवया जरा वर घ्या, ताई,"
भूषण म्हणाला, खुर्ची माझ्या मॉनिटरशी ओढून.
"राम रागात पाहिजे. आणि गोरा करा,
रात्री हॅलोजनमध्ये उठून दिसला पाहिजे."
रामनवमीला चार दिवस.
शालिमारच्या माझ्या दुकानात मशीन सकाळपासून
भाऊ-दादांचे वाढदिवस छापतंय,
शाईचा वास डोक्यात बसलाय.
भूषण पंचवटीतलाच. काळ्या रामाची घंटा
ऐकत ऐकत दात आलेले त्याला.
मी माऊस धरून थांबले.

माझे वडील, सुकदेव पेंटर, टॉकीजचे बोर्ड रंगवायचे.
पौराणिक लागलं की पेठ-दिंडोरीहून माणसं यायची,
तिकिटाआधी बोर्डाखाली नारळ फोडायची,
डांबरावर चपला काढायची.
वडील वर शिडीवर. विडी मुठीत लपवायचे,
लोक पाया पडत होते
आणि मध्ये त्यांचाच पाय येत होता.

चौकटी आखून रामाचे बारा तुकडे व्हायचे.
दुपारी मी त्याच्या तळपायावर झोपायची,
पाठीला टर्पेंटाइनचा गारवा.
चेहरा गणपत डोअरकीपरचा:
शेवटचा खेळ सुटल्यावर बॅटरी विझवून
पायरीवर बसायचा तो, तेव्हाचा.
"वनवासातला माणूस असाच दिसणार," वडील म्हणायचे,
"घर आहे, पण आज जाता येणार नाही, असा."

रंग मात्र काळा. काजळी घोटून, चिमूटभर नीळ.
मालक म्हणाला, पडद्यावरचा तर गोरापान आहे.
वडील म्हणाले, नाशकात हाच चालतो.

खरं तर त्यांनी पाहिलेला नव्हता.
त्यांच्या वडिलांनीही नव्हता.
तीस साली ते देवळाच्या दारात उभे होते
इतरांबरोबर, उन्हात, दार उघडेल म्हणून.
त्या दिवशी उघडलं नाही. दुसऱ्याही नाही.
घरी येऊन, तांब्याभर पाणी पिऊन
बायकोला एवढंच म्हणाले,
"काळा आहे म्हणतात. आपल्यासारखा."
त्या एका वाक्यावरून वडील त्याला आयुष्यभर काढत राहिले.

छप्पननंतर आमच्या भिंतीवर तो नव्हता.
बोर्डावर होता.
"पोटाचा राम वेगळा," वडील सांगायचे
आणि मग ब्रश धुवायला
जरा जास्तच वेळ लावायचे.

कापड जुनंच असायचं. मागच्या आठवड्यातल्या डाकूवर
पांढरं मारायचं, त्यावर देव.
एका श्रावणात दोन रात्री झड लागली
आणि रामाच्या कपाळातून
डाकूच्या भुवया वर आल्या.
वडील भिजत शिडीवर चढले,
तळहातांनी झाकत राहिले,
जसं कुणी आपलं उघडं पडलंय चौकात.

"भुवया, ताई."
एक पॉइंट वर घेतल्या.
"याच्यावर नेल्या तर फाटतं," म्हटलं.
मशीनला काय माहीत.
गोरा मात्र केला. भाडं पाच तारखेला असतं.

जेठात होळकर पुलावरून दिसला.
खाली गोदाकाठच्या भाजीबाजारात
हौसाबाईने तो चार बांबूंना बांधलेला,
तोंड आभाळाकडे, भुवयांवरून सुतळी गेलेली.
आमच्या शाईचं एक असतं:
उन्हात आधी पिवळा उडतो, मग लाल.
निळा आणि काळा तेवढे टिकतात.

खाली उतरले.
"छपाई कच्ची निघाली बाई तुमची," हौसाबाई म्हणाली,
"दोन महिन्यांत पार काळा पडला."
मी कोथिंबिरीची एक जुडी घेतली.
दहाची होती. तिच्याकडे सुट्टे नव्हते,
पोराला पाठवलं तिने पलीकडच्या गाडीवर.
तो येईपर्यंत
उभी राहिले त्याच्या सावलीत.